जड स्टिअरिंग आणि तेलाची वाट

एमएच-२२ची पाटी लावून पंधरा-वीस वर्षं पळालेल्या ज्या बोलेरो, सुमो, क्वालिस, तवेरा परभणी जिल्ह्यात अजून रस्त्यावर आहेत, त्यांच्या मालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "स्टिअरिंग लई जड झालंय." गॅरेजमधलं उत्तरही तितकंच हमखास, "पंप गेला." पंप बदलला जातो, काही महिने हात हलका राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी. पैसा पंपावर गेला, दुखणं होतं तिथंच राहिलं.

माझं ठाम मत आहे की पॉवर स्टिअरिंगचा पंप सहसा स्वतःहून मरत नाही, घाणेरडं तेल त्याला मारतं. तेल कशानं घाण झालं, कुठून गळलं, हवा कुठून शिरली हे शोधल्याशिवाय नवा पंप टाकला, तर तोही त्याच वाटेनं जातो. हा शोध घेण्याचं बरंचसं काम घराच्या अंगणात, साध्या पान्यांनी होण्यासारखं आहे. क्रम मात्र पाळला पाहिजे.

या जिल्ह्याला हायड्रॉलिकची ओळख मोटारीनं नाही, ट्रॅक्टरनं करून दिली. नांगर उचलणारी लिफ्ट, टिपिंग ट्रॉलीचा जॅक, जेसीबीचं बकेट, सोयाबीन काढायला येणारा हार्वेस्टर, सगळीकडे एकच तत्त्व राबतं. पंप तेलाला दाब देतो, झडप त्याला वाट दाखवते आणि सिलिंडरमधला दट्ट्या बळ लावतो. लिफ्ट उचलत नसेल तर आधी तेल बघायचं, मग फिल्टर, मग गळती आणि पंपाकडे सगळ्यात शेवटी वळायचं, हे जिंतूर-पाथरीकडच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगला हाच क्रम लागू पडतो. इथे भाग लहान असतात, तेल पातळ असतं आणि हात घालायला जागा कमी असते, एवढंच.

एक फरक मात्र मनात पक्का ठेवावा. पॉवर स्टिअरिंगच्या अनेक ट्रॅक्टरांमध्ये चालकाच्या हातातलं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडी जोडणीच नसते, मधे फक्त तेलाचे पाईप असतात. मोटारीत तसं नाही. हातातल्या चाकापासून टायरपर्यंत दांडा, जोड आणि गिअर सलग असतात, तेल फक्त मदतीला येतं. म्हणून पंप बंद पडला तरी गाडी वळते, हाताला घाम फुटतो इतकंच. तरी तेल पूर्ण संपलेलं असताना गाडी दामटू नये, कारण पंप कोरडा फिरून आतून खरवडला जातो. आणि पंपाचाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत असेल, तर तो तुटल्यावर गाडी जागीच उभी करावी. तिथून पुढे प्रश्न स्टिअरिंगचा राहत नाही, इंजिन तापून बसण्याचा होतो.

आता हे बळ येतं कुठून ते पाहू. इंजिनच्या पुलीवरून पट्टा येतो आणि पंप फिरवतो. पंपाच्या आत लंबगोल पोकळी असते, तिच्यात गोल रोटर आणि रोटरच्या खाचांमध्ये बहुधा दहा सरकत्या पात्या. रोटर फिरला की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि पोकळीच्या भिंतीला घासत चालतात. जागा रुंद होते तिथं तेल आत ओढलं जातं, अरुंद होते तिथं दाबून बाहेर ढकललं जातं. गाडी जागेवर उभी असताना चाक पूर्ण वळवलं, तर या तेलाचा दाब एक हजार पीएसआयच्या पुढे जातो. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज यावा.

हे तेल स्टिअरिंगच्या रॅकमध्ये किंवा जुन्या जीपवजा गाड्यांत स्टिअरिंग बॉक्समध्ये पोचतं. तिथं दांड्याच्या शेवटी एक बारीक पोलादी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. हातानं चाक फिरवलं की टायरच्या विरोधामुळे ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळानं झडपेतल्या खाचा सरकतात आणि तेल दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला जातं. हात थांबला की सळई सरळ होते आणि तेल मोकळं वाहत टाकीत परततं. सरळ रस्त्यावर पंपावर फारसा ताण नसतो, तो यामुळेच. मदत किती करायची हे आपल्या हाताचा जोर ठरवतो. या जुन्या गाड्यांत हे सगळं संगणकाशिवाय, एकाही वायरशिवाय घडतं. मोटारीतल्या देखण्या रचनांमध्ये मी हिला फार वरचं स्थान देतो.

तेलाच्या मदतीनं चाक वळवण्याची रचना अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्यानं १९२६ मध्ये प्रत्यक्ष गाडीवर चालवून दाखवली. जनरल मोटर्सनं ती घेतली, पण खर्च परवडेना म्हणून मंदीच्या काळात बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांना तिची गरज पडली आणि विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं ॲम्बेसेडरपासून एसटीच्या लाल गाडीपर्यंत सगळं मनगटाच्या जोरावर वळत होतं. जुन्या एसटी चालकांचे खांदे पाहिले की ते कळायचं. महाराष्ट्रात ट्रक-बसची पॉवर स्टिअरिंग बनवणारा एक कारखाना पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथं, झेडएफ स्टिअरिंग गिअर या नावानं १९८०च्या दशकापासून आहे.

पॉवर स्टिअरिंग कुठंही बिघडतं, पण परभणीत ते बिघडण्याची एक खास रीत आहे. इथली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आवळून भेगाळते. जुलै-ऑगस्टमध्ये पांदण रस्त्यानं शेतात गेलेली गाडी पुढच्या चाकांच्या आत चिखलाचे थर घेऊन परत येते. दोन दिवसांच्या उन्हात ते थर दगडासारखे होतात. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. चाक वळलं की हे बूट आखडतात आणि पसरतात, आणि त्यांच्या घड्यांत अडकलेली वाळकी माती रबर कापत जाते. बूट फाटला की चिखलाचं पाणी रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर पोचतं, दांड्यावर गंज आणि ओरखडे येतात, आणि ते ओरखडे प्रत्येक वळणाला आतल्या ऑइल सीलची कड सोलतात. मग तेल गळायला लागतं. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, हवेनं फेस होतो आणि फेसात पात्यांना वंगण मिळत नाही. पात्या घासल्या की त्यांचा कीस तेलात उतरतो आणि तोच कीस रॅकच्या सीलपर्यंत फिरून येतो. पंप गेला असं आपण म्हणतो, तोवर मूळ बूट फाटून वर्ष झालेलं असतं.

उन्हाळा वेगळ्या बाजूनं काम करतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर राहतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. टाकीतून पंपाकडे तेल नेणारे रबरी पाईप कडक होतात आणि क्लिपखाली त्यांना तडा जातो. तिथून तेल थेंबभरच बाहेर येतं, पण हवा सहज आत शिरते. म्हणून पावसाळा संपला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बूट धुऊन, बोटांनी घड्या उघडून बघणं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाईप दाबून बघणं, ही दोन कामं मी इथल्या प्रत्येक गाडीमालकाला सांगेन. बूट स्वस्त असतो, रॅक फार महाग.

दोष शोधायला सुरुवात टायरपासून करावी. हे फार साधं वाटतं, म्हणूनच राहून जातं. पुढच्या टायरची हवा कमी असेल तर नवं कोरं पॉवर स्टिअरिंगही जड लागतं. हौसेनं रुंद टायर टाकले असतील तर थोडा जडपणा कायमचा आला, असं समजून चालावं.

मग बॉनेट उघडून पट्टा पाहावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं जोर देऊन दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल, चकचकीत झाला असेल किंवा तेलानं ओला असेल, तर चाक पूर्ण वळवताना तो घसरतो आणि कुईं असा चिरका आवाज येतो. पट्टा पिळून त्याची आतली बाजूही बघावी, भेगा तिथंच दिसतात. पट्टा ताणताना अति घट्ट करू नये, पंपाचं बेअरिंग त्यानं बसतं.

आता तेल. टाकीवर किमान-कमाल खुणा असतात, काही गाड्यांत थंड आणि गरम इंजिनसाठी वेगळ्या. एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल लागतं. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी, काळं आणि जळकट वासाचं असेल तर त्याचं आयुष्य संपलं. दुधाळ दिसलं तर हवा किंवा पाणी शिरलं आहे. उन्हात धरल्यावर चांदीसारखे कण चमकले तर पंपाच्या आत धातू झिजतो आहे. आपल्या गाडीला नेमकं कुठलं तेल हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत वाचावं, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये. त्यानं इथली रबरी सीलं फुगून निकामी होतात आणि मग सगळी यंत्रणा खोलावी लागते.

आवाज ऐकायला एक माणूस स्टिअरिंगवर बसवावा. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारा रडका घूं-घूं आवाज म्हणजे पंप हवा ओढतो आहे, किंवा टाकीच्या तळाची जाळी गाळानं तुंबली आहे. चाक शेवटपर्यंत वळल्यावर येणारा फुसकारा मात्र नेहमीचा, तिथं जादा दाब सोडणारी झडप उघडलेली असते. त्या टोकाला चाक पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, तेल झपाट्यानं तापतं.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती तेलाचा दोष आणि लोखंडाचा दोष वेगळा करून देते. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्यावी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक आणि स्टँड खचतात, खाली जाड फळी टाकल्याशिवाय गाडी उचलूच नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कुणीही गाडीखाली डोकं घालू नये. आता इंजिन बंद ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. टायर जमिनीला लागलेला नाही, त्यामुळे थोडासा आणि सारखा विरोध जाणवला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडकत असेल, जड-हलकं-जड असं लागत असेल, तर दोष दांड्यावरच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, गंजलेल्या बॉल जॉइंटमध्ये किंवा स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. अशा गाडीत कितीही भारी पंप टाकला तरी हात हलका होणार नाही. वर उचललेल्या अवस्थेत चाक मोकळं फिरतं आणि टायर टेकले की जड, असं असेल तरच तेलाच्या मागे लागावं.

तेलाच्या दोषांतही लक्षणं बोलतात. एकाच बाजूला वळताना जड लागत असेल तर रॅकमधली झडप किंवा सील. दोन्ही बाजूंना जड, पण रेस वाढवली की हलकं, असं असेल तर पंपातून पुरेसं तेल येत नाही.

दुरुस्तीला हात घालायचा तो तेल बदलण्यापासून. सोपी रीत अशी की जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन टाकीतलं तेल ओढून काढावं, नवं भरावं, इंजिन चालू करून चाक दोन-तीनदा फिरवावं, बंद करून पुन्हा ओढावं. तेलाचा रंग उजळेपर्यंत हे करत राहावं. पूर्ण सफाई हवी असेल तर परतीचा पाईप टाकीपासून सोडवून बाटलीत सोडावा, टाकीचं ते परतीचं तोंड बुचानं बंद करावं, पुढची चाकं उचललेली ठेवावीत आणि इंजिन बंद असतानाच चाक हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत फिरवावं. रॅकमधला दट्ट्याच जुनं तेल बाहेर ढकलतो. टाकीत नवं तेल कुणीतरी ओतत राहावं. टाकी निघत असेल तर काढून तळाची जाळी रॉकेलनं धुवावी आणि पूर्ण वाळवावी. निव्वळ या सफाईनं कितीतरी पंपांचं रडणं थांबतं.

पाईप दोन प्रकारचे. परतीच्या आणि टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाईपात दाब कमी, तिथं तेलाला टिकणारा नवा पाईप आणि चांगली क्लिप एवढं पुरतं. पाण्याचा पाईप कापून लावू नये, तेलानं तो महिनाभरात लोण्यासारखा मऊ पडतो. पंपाकडून रॅककडे जाणारा पाईप मात्र जास्त दाबाचा असतो, त्याला क्लिप, चिकटपट्टी, सायकलची ट्यूब असलं काहीही चालत नाही. तो बदलायचाच. मूळ पाईप मिळत नसेल तर ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या दुकानात जुना पाईप नमुना म्हणून न्यावा. होज किती दाबाचा आणि किती उष्णतेचा, हे विचारून घ्यावं. बसवताना तो सायलेन्सरच्या नळकांड्याला टेकणार नाही हे बघावं, कारण लालभडक तापलेल्या लोखंडावर हे तेल पेट घेतं. जोडावरचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर नेहमी नवे टाकावेत.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या पाईपावरची गळती हातानं चाचपू नये. केसाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत घुसते. वरून सुईच्या टोचणीएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर जखमेला काही न लावता लगेच मोठ्या दवाखान्यात जावं आणि तेल घुसलंय असं डॉक्टरांना शब्दांत सांगावं. गळती शोधायला पुठ्ठा धरावा. ट्रॅक्टर आणि जेसीबीवर काम करणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

एवढं करूनही आयडलला जडपणा राहिला तर पंपाकडे वळायचं, आणि तिथंही आधी झडपेकडे. जास्त दाबाचा पाईप जिथं पंपाला जोडतो, त्याच्या मागे बहुतेक पंपांत एक लहान दट्ट्या आणि स्प्रिंग असते. इंजिनचा वेग वाढला की जादा तेल आतल्या आत वळवून देणं हे तिचं काम. ठिबकच्या ड्रिपरमध्ये वाळूचा कण अडकून ओळीतलं एकच झाड सुकावं, तसं या दट्ट्यात गाळाचा एक कण अडकला की पंप धडधाकट असूनही तेल रॅकपर्यंत पोचत नाही. दट्ट्या काढून रॉकेलनं धुवावा. तेल लावून भोकात सोडल्यावर तो स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. सरकत नसेल तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून अगदी हलक्या हातानं फिरवावा. त्याचं माप बदलता कामा नये.

पंप खोलायचाच झाला तर आधी त्याचं बाहेरचं अंग ब्रशनं स्वच्छ धुवावं. आत माती गेली तर न खोललेलं बरं होतं असं म्हणायची वेळ येते. पुली काढायला पुलर वापरावा, हातोडी मारली की शाफ्ट वाकतो. मागचं झाकण सर्क्लिपवर किंवा बोल्टवर असतं, त्याखाली दाबाची चकती, मग कॅम रिंग, रोटर आणि पात्या. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा. कॅम रिंगची आणि रोटरची कुठली बाजू वर होती याची खूण करावी, उलटी बसली तर पंप तेल देत नाही. पात्यांची गोलसर कड बाहेर, रिंगच्या भिंतीकडे राहते.

मग बोटाचं नख रिंगच्या आतून फिरवावं. भिंत काचेसारखी गुळगुळीत लागली तर पंप जिवंत आहे, सील किट टाकून तो वर्षानुवर्षं चालेल. नखाला लहरी किंवा खाचा लागल्या तर किटचे पैसे वाया घालवू नयेत, तिथं नवा किंवा खात्रीचा रिकंडिशन पंपच हवा. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला, म्हणजे आत राहिली पाहिजे. सीलला स्टिअरिंगचंच तेल लावावं आणि त्याच्याच मापाचा सॉकेट ठेवून चौफेर सारखं ठोकावं, तिरकं गेलं की पहिल्याच दिवशी गळतं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्यावं. सुती चिंधीचा एक धागा त्या दट्ट्याच्या भोकात अडकायला पुरतो.

बसवून झाल्यावर हवा काढणं हा स्वतंत्र टप्पा आहे, घाई झाली की सगळी मेहनत इथं फुकट जाते. टाकी भरून गाडी थोडा वेळ तशीच राहू द्यावी. पुढची चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद ठेवून, चाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावं. बुडबुडे वर येत राहतात, तेलाची पातळी उतरते, ती भरत राहावी. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून, रेस न देता, पुन्हा काही वेळा फिरवावं. तेल फेसाळलं तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावं. फेस आपोआप बसतो, त्याला दुसरा उपाय नाही.

घरची हद्द मात्र ओळखावी. रॅकच्या आतली सीलं बदलायला खास अवजारं लागतात आणि तिथली चूक वळणावर जिवाशी येते. स्टिअरिंग बॉक्सवरचा समायोजनाचा स्क्रू कसून प्ले काढायचा मोह अनेकांना होतो. जास्त कसला की वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही आणि आतले गिअर झिजतात. टाय रॉड एंड घरी बदलता येतो, पण त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते आणि नटाची स्प्लिट पिन नवी टाकावी लागते. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करू नये, कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू देऊ नये. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ क्रमांकाचा नियम सांगतो की हातातल्या चाकाचा मोकळा खेळ तीस अंशांपेक्षा जास्त नसावा, आणि स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्यानं करायला आरटीओकडे जाण्याआधी हे दोन्ही घरच्या घरी बघून घेता येतं.

ज्या गाडीच्या बॉनेटखाली पंपही नाही आणि तेलाची टाकीही नाही, तिचं स्टिअरिंग विजेवर चालतं. १९८८ साली जपानच्या सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा आलं, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेच आहे. त्यात जडपणा आला तर घरी बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि फ्यूज एवढंच तपासावं. डॅशबोर्डवरचा दिवा जळत राहिला तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जावं, कारण दोष मोटारीत आहे की सेन्सरमध्ये हे पान्यानं कळत नाही.

तेलाच्या स्टिअरिंगचं काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगात घ्यावी. दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, मग हात सैल सोडून चाक सरळ होतं का ते पाहणं, मग ब्रेक. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी डाग कुठल्या जोडाखाली पडला ते पाहावं. काढलेलं तेल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्यावं, बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. खोललेल्या पंपातला उरलासुरला गाळ पहिल्या काही दिवसांत सुटून टाकीत येतो, म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर टाकीतलं तेल सिरिंजनं काढून पुन्हा एकदा नवं भरावं.